मीटरभर ठिणगी म्हणजे 30 लाख व्होल्ट नव्हेत

टेस्ला कॉइल म्हणजे तारेच्या दोन वेटोळ्यांतून फार मोठा विद्युतदाब (व्होल्ट) तयार करून हवेत ठिणग्या सोडणारं उपकरण. त्याबद्दल एक हिशेब सगळीकडे फिरतो. हवा सेंटीमीटरला 30 हजार व्होल्टला फुटते, ठिणगी 1 मीटरची, म्हणजे कॉइलचे 30 लाख व्होल्ट. जोडीला दोन वेटोळ्यांमधल्या वेढ्यांचं गुणोत्तर पुरावा म्हणून दिलं जातं, आणि कुणी शंका घेतलीच तर ‘हाय व्होल्टेज प्रोब (मोठा दाब मोजायची सळई) लावून बघा’ असा सल्ला मिळतो. यातलं काहीही टिकत नाही. शेवटचा सल्ला तर जिवावर बेतू शकतो.

30 हजारांचा आकडा खरा आहे, पण तो लागू होतो सपाट किंवा मोठ्या गोलाकार पृष्ठभागांमधल्या लहान फटीला, जिथे विद्युतक्षेत्र सगळीकडे सारखं असतं. मोकळ्या हवेत झेपावणारी ठिणगी तशी नसते. तिच्या टोकाशी क्षेत्र एकवटतं, तिथली हवा आयनित होऊन वाहक बनते आणि टोक पुढे सरकतं. धन बाजूच्या अशा शाखांना पुढे जायला सेंटीमीटरला सुमारे 5 हजार व्होल्ट पुरतात, आणि तापलेल्या वाटेला त्याहूनही कमी. शिवाय 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर कॉइल सेकंदाला साधारण 100 वेळा उसळते, म्हणजे ऊर्जेचा झटका देते. आधीची वाट पुरती थंड होण्याआधी नवी उसळी तिच्यातूनच पुढे जाते. म्हणून विद्युतदाब तेवढाच राहूनही ठिणगी लांबते. लांबीवरून व्होल्ट काढण्याचा पायाच इथे ढासळतो.

30 हजारांचा नियम लावायचाच तर वरच्या धातूच्या गोळ्याला लावा. 30 सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे 15 सेंटीमीटर त्रिज्येचा सुटा गोळा फार तर साडेचार लाख व्होल्ट पेलतो. त्यापुढे त्याच्या पृष्ठभागावरची हवाच फुटते. 30 लाखांसाठी 2 मीटर व्यासाचा गोळा लागेल. घरात बांधलेल्या कॉइलवर तो कुणी पाहिला आहे?

ऊर्जेचा हिशेबही हेच सांगतो. निऑन पाट्यांचा 15 हजार व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याचा शिखरदाब 21 हजार. प्रायमरीचा, म्हणजे ऊर्जा पुरवणाऱ्या वेटोळ्याचा, कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) 20 नॅनोफॅरडचा असेल तर दर उसळीला सुमारे 4.4 ज्यूल मिळतात. गोळा आणि सेकंडरी (ठिणगी सोडणारं दुसरं वेटोळं) मिळून धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, 25 पिकोफॅरड धरली, तर ती 30 लाख व्होल्टपर्यंत भरायला 112 ज्यूल लागतील. पंचवीसपट ऊर्जा येणार कुठून? काहीही वाया गेलं नाही असं मानलं तरी मजल 6 लाखांच्या आतच थांबते. आणि मीटरभराच्या आसपासच्या ठिणग्या अशाच कॉइलमधून निघतात!

वेढ्यांचं गुणोत्तर चालतं ते लोखंडी गाभ्याच्या, घट्ट जोडणीच्या ट्रान्सफॉर्मरला. इथे जोडणी मुद्दाम सैल ठेवलेली असते आणि दाब ठरतो दोन्ही बाजूंच्या धारितांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर.

आता प्रोब. मल्टिमीटरसोबत मिळणारा 40 हजार व्होल्टचा प्रोब डीसीसाठी आणि घरगुती वारंवारितेसाठी बनवलेला असतो. शेकडो किलोहर्ट्झवर त्यातले रोधक नव्हे, तर भोवतालची भटकी धारिता आकडा ठरवते. ऑसिलोस्कोपचा (दाबाचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राचा, म्हणजे स्कोपचा) चांगला प्रोबही 3 पिकोफॅरडची भर घालतो, आणि तेवढ्यानेच आपल्या कॉइलची वारंवारिता 5 टक्क्यांहून जास्त घसरते. मुळात त्याची मर्यादा काही दहा हजार व्होल्टची. इथे आहेत लाखो. तो लावणाऱ्याचा हात ठिणगीच्या टप्प्यात येतो, आणि ती ठिणगी प्रायमरीला भिडली तर ट्रान्सफॉर्मरचा प्राणघातक प्रवाह त्याच वाटेने येऊ शकतो. कृपा करून हे करू नका.

मोजायचंच असेल तर गोळ्याला न शिवता मोजा. दूर एक धातूची पट्टी ठेवा, तिच्यापासून जमिनीकडे मोठा कपॅसिटर जोडा आणि त्याच्यावरचा दाब स्कोपवर बघा. आधी मुख्य पुरवठा तोडून, कपॅसिटर डिस्चार्ज करून, सिग्नल जनरेटरने गोळ्यावर त्याच वारंवारितेचे मोजून काही व्होल्ट द्या आणि प्रमाण ठरवा. त्यानंतर मांडणीतलं काही हलवू नका; जवळ माणूस उभा राहिला तरी आकडा बदलतो. पडताळा हवा असेल तर सेकंडरीच्या अर्थिंगच्या तारेभोवती करंट ट्रान्सफॉर्मर (तारेला न जोडता प्रवाह मोजणारं कडं) घाला. 200 किलोहर्ट्झला, 25 पिकोफॅरडवर 4 लाख व्होल्ट असतील तर तिथे सुमारे 12.5 अँपिअरचं शिखर दिसायला हवं. दोन्ही मापं ठिणगी फुटण्याआधी, कमी शक्तीवर घ्या. ठिणगी बाहेर पडली की तिची स्वतःची धारिता मिसळते आणि आधीचा हिशेब लागू राहत नाही.