बुडालेल्याला मीठ नको, श्वास द्या

“बुडालेल्या माणसाला मिठाच्या ढिगात झोपवा. मीठ अंगातलं पाणी शोषून घेतं, चार तासांत माणूस उठून बसतो.” हा मेसेज पुन्हा फिरतोय आणि या वेळी आमच्या घरच्या ग्रुपवर तो माझ्या सख्ख्या मावशीने टाकलाय. तिच्या मळ्यात विहीर आहे, मे महिन्यात पाठीला डबे बांधून पोरं तिथेच पोहायला शिकतात. त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी मिठाचं बघू. 2022 साली कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यात घरच्यांनी अशाच मेसेजवर विसंबून बुडालेल्या मुलाला कित्येक तास मिठात ठेवलं. मुलगा गेला तो गेलाच. वरून टाकलेलं मीठ छातीतलं पाणी कसं ओढणार? माणसाचं अंग म्हणजे कैरीची फोड आहे का? आणि फुप्फुसात बहुतेक वेळा पाणी जातं तेच थोडं. विहिरीचं गोडं पाणी तर तिथून भराभर रक्तात उतरतं. जीव जातो तो ऑक्सिजन तुटल्यामुळे. मेंदूला चार-सहा मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही की इजा सुरू होते, आणि हे म्हणे चार तास थांबा!

पोट दाबून पाणी काढायचा सल्लाही त्यातच आहे. त्याने उलटी होऊन श्वासनलिकेत जाते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचना याला स्पष्ट नकार देतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे: बुडालेल्याला आधी श्वास द्या. माणूस श्वास घेत नसेल तर कडक जमिनीवर उताणं झोपवा, डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरा आणि छाती वर उचललेली दिसेल असे दोन श्वास तोंडाने द्या. मग छातीच्या मधोमध 30 दाब, मिनिटाला 100 ते 120 च्या वेगाने. पुन्हा दोन श्वास. तोंडातून फेस येत राहील, तो पुसत बसू नका.

मेसेजमधला पुढचा मुद्दा पोहणाऱ्या पोरांसाठी जीवघेणा आहे: “बुडी मारण्याआधी तीस वेळा जोरजोरात श्वास घ्या, ऑक्सिजन साठतो.” साठत नाही. निरोगी माणसाचं रक्त आधीच ऑक्सिजनने जवळजवळ भरलेलं असतं. अशा श्वासांनी कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि “आता वर ये” ही तगमग त्याच्यामुळेच होते. तगमग होत नाही, ऑक्सिजन संपतो, आणि चांगला पोहणारा पोरगा पाण्याखालीच बेशुद्ध पडतो.

सील हा समुद्री प्राणी छाती भरून बुडी मारतो, असा दाखलाही मेसेजमध्ये दिलाय; तोही चूक. वेडेल सील उलट श्वास सोडून खाली जातो; त्याचा साठा रक्तात आणि स्नायूंत असतो.

इंडोनेशियातले बजाऊ लोक बराच वेळ पाण्याखाली राहतात, मेसेजमधलं एवढं मात्र खरं. मान्य. पण 2018 साली ‘सेल’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात त्यांची प्लीहा (पोटातला रक्त साठवणारा अवयव, बुडीत आकसून तो साठा अंगाला देतो) शेजारच्या सालुआन लोकांपेक्षा सुमारे 50 टक्के मोठी आढळली, आणि कधीच बुडी न मारणाऱ्या बजाऊंचीही तशीच. ही पिढ्यान्‌पिढ्यांची देणगी आहे, सुट्टीतल्या सरावाने ती येत नाही.

मावशी, तो मेसेज काढून टाक आणि विहिरीवर दोर नि हवा भरलेली ट्यूब ठेव. कुणी बुडालंच तर एकाने श्वास द्यायचा, दुसऱ्याने 108 ला फोन करायचा. शुद्धीवर आलेल्यालाही दवाखान्यात न्यायचंच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.