रोज ५ किलोमीटर चालूनही साखर का हलत नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लेखाखालच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून स्वतंत्र लिहितो आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वडील ६७ वर्षांचे, मधुमेह ११ वर्षांचा. निदान झाल्यापासून रोज पहाटे उपाशीपोटी ५ किलोमीटर चालतात, खाडा नाही. तरी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७.९. मग ‘साठीनंतर पायांत ताकद कमवा’ हा माझा लेख म्हणजे जिमवाल्यांची जाहिरात. चाळिशीनंतर चयापचय मंदावतो, त्याला कोण काय करणार? संशोधन सगळं गोऱ्यांवरचं. ‘लुक अहेड’ या मोठ्या प्रयोगाचा निकाल मी सोयीस्करपणे गाळला. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने स्नायू वाढत नाहीत असंही तुम्ही वाचलंय. आणि रक्तदाबाच्या माणसाला या वयात वजनं उचलायला सांगणं हा शुद्ध बेजबाबदारपणा.

‘लुक अहेड’बद्दल तुम्ही मला बरोबर पकडलंत. अमेरिकेतल्या या प्रयोगात टाइप २ मधुमेहाचे ५,१४५ लोक होते. निम्म्यांना आहार, वजन घटवणं आणि आठवड्याला १७५ मिनिटं व्यायाम असा कडक कार्यक्रम दिला, उरलेल्यांना फक्त माहिती आणि आधार. सरासरी साडेनऊ वर्षांनंतरही हृदयविकार आणि पक्षाघाताच्या प्रमाणात दोन गटांत दखल घेण्याजोगा फरक दिसेना, म्हणून २०१२ मध्ये प्रयोग थांबवला. हे लेखात यायला हवं होतं. ‘व्यायाम हेच औषध’ हे माझं वाक्यही सैल होतं, ते आज काढून टाकलं. पण याच प्रयोगातली दुसरी बाजू तुम्हीही गाळलीत. चार वर्षांनंतर हिंडण्याफिरण्याची क्षमता गमावण्याचा धोका कार्यक्रमातल्या गटात ४८ टक्के कमी होता. जिना चढता येणं आणि आपल्या हाताने बाजारहाट करता येणं ही हृदयविकारापेक्षा दुय्यम बाब आहे असं मला वाटत नाही, सत्तरीच्या माणसाला तर नाहीच.

आता वडिलांचा आकडा. ११ वर्षं चालूनही ७.९ म्हणजे चालणं फुकट गेलं, हा तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. टाइप २ मधुमेह एका जागी थांबत नाही. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी निदानाच्या वेळीच बऱ्याच थकलेल्या असतात आणि पुढे थकतच जातात. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासात औषधं चालू असतानाही लोकांचा एचबीए१सी वर्षागणिक वर सरकत गेला. उताराला लागलेली गाडी ११ वर्षं तिथल्या तिथे धरून ठेवली असेल तर ब्रेक लागत नाही असं कसं म्हणायचं? वडील चाललेच नसते तर आकडा किती असता, हे एका माणसावरून सांगता येत नाही. त्यासाठीच तर दोन गट करून प्रयोग करावे लागतात.

तरी त्यांच्या चालण्यात दोन गोष्टी कमी पडत असाव्यात असं तुमच्या वर्णनावरून वाटतं: वेळ आणि जोर.

वेळेचं आधी सांगतो. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याच्या पेशीतले ग्लुट-४ नावाचे साखर आत घेणारे वाहक पृष्ठभागावर येतात, आणि या कामासाठी त्यांना इन्सुलिनची गरज पडत नाही. ज्याचं इन्सुलिन नीट काम करत नाही त्याच्यासाठी हा मागचा दरवाजा आहे. तो सर्वांत उपयोगी कधी पडेल? रक्तात साखर चढत असताना, म्हणजे जेवल्यावर. पहाटे उपाशीपोटी रक्तातली साखर मुख्यतः यकृतातून येते, आणि चालायला लागल्यावर यकृत आणखी थोडी सोडतं. म्हणून काहींना चालून आल्यावर ग्लुकोमीटरवर आकडा वाढलेला दिसतो आणि ते घाबरतात. एचबीए१सी साधारण ७.५ ते ८.५ च्या टप्प्यात असतो तेव्हा त्यातला जवळपास निम्मा वाटा जेवणानंतरच्या चढाचा असतो. त्या निम्म्याला पहाटेचं चालणं फारसं हात लावत नाही.

न्यूझीलंडमध्ये ४१ मधुमेहींवर हेच तपासलं गेलं (२०१६). दिवसातून एकदा ३० मिनिटं चालणं, किंवा तिन्ही जेवणांनंतर १०-१० मिनिटं. एकूण चालणं सारखंच, पण जेवणानंतरची साखर दुसऱ्या पद्धतीत १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. शतपावली म्हणून आपल्याकडे जे चालतं ते वाईट नाही, पण शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट. दहा मिनिटं हवीत, आणि ती जेवून उठल्या उठल्या, फार तर पाऊण तासाच्या आत.

(शिवाय वडील पहाटे ग्रुपबरोबर चालत असतील तर त्याचा शेवट कुठे होतो तेही एकदा विचारा. ६५ किलोच्या माणसाला ५ किलोमीटर चालायला नुसतं बसून राहण्यापेक्षा दीड-दोनशे कॅलरी जास्त लागतात. टपरीवरची पोह्यांची प्लेट आणि गोड चहा हा हिशोब दहा मिनिटांत उलटा करतो.)

जोराचं म्हणाल तर ५ किलोमीटरला किती वेळ लागतो ते तुम्ही लिहिलेलं नाही. सव्वा तास लागत असेल तर ताशी ४ किलोमीटर, म्हणजे रमतगमत. मिनिटाला किमान १०० पावलं पडायला हवीत. बोलता येतं पण गाता येत नाही, इतका दम लागला पाहिजे. ११ वर्षं तोच रस्ता त्याच वेगाने चालल्यावर शरीराला त्यात नवं काही उरत नाही.

चयापचयाबद्दल तुम्ही लिहिलंय ते सगळीकडे छापून येतं, पण मोजमाप वेगळं सांगतं. २०२१ मध्ये हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी २९ देशांतल्या, ८ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत, ६,४०० हून जास्त माणसांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च एकत्र मांडला. शरीराचा आकार आणि चरबी वगळता उरणारं वजन हिशोबात धरल्यावर २० ते ६० या वयात रेषा जवळजवळ सपाट निघाली. उतार साठीनंतर सुरू होतो, तोही वर्षाला सुमारे ०.७ टक्के. चाळिशीत पोट सुटतं त्याचा दोष वयावर ढकलायची सोय त्यामुळे राहिली नाही. तरीही कमी होत जाते ती एक गोष्ट म्हणजे स्नायू, आणि तिथे वयाबरोबर बसून राहण्याचाही मोठा हात असतो.

याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या डॅलसचं. १९६६ मध्ये विशीतल्या ५ तरुणांना ३ आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव भागाहून जास्त घसरली. त्याच पाच जणांना ३० वर्षांनी पुन्हा तपासलं, तर ३० वर्षांच्या वयवाढीने झालेली घट त्या ३ आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी भरली. मग पन्नाशीतल्या या पाचांनी ६ महिने चालणं, सायकल, हलकं धावणं असं वाढवत नेलं आणि वयाने गेलेली क्षमता भरून काढली. माणसं पाचच, मान्य. पण तीच माणसं ३० वर्षांच्या अंतराने मोजायला मिळणं फार दुर्मीळ असतं.

‘सगळं गोऱ्यांवरचं’ हा आक्षेप एकेकाळी खरा होता. पण चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर प्रयोग केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नुसत्या सल्ल्यावर असलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, आहार आणि चालण्याच्या गटात ३९.३ टक्क्यांना, मेटफॉर्मिनच्या गटात ४०.५ टक्क्यांना. गंमत म्हणजे चालणाऱ्यांचं वजन फारसं उतरलेलं नव्हतं. वजनकाटा हलत नाही म्हणून व्यायाम सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अमेरिकेत याच प्रकारच्या प्रयोगात धोका ५८ टक्के घटला होता, चेन्नईत २८.५ टक्के. आपल्याला फायदा होतो पण कमी होतो, असं म्हणालात तर मी वाद घालणार नाही.

त्याचं एक कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मजेशीर पद्धतीने दाखवलं आहे. २००४ मध्ये त्यांनी लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्या शेजारी उभं राहून काढलेला फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. म्हणजे त्याच वजनात आपल्याकडे चरबी जास्त आणि स्नायू कमी. इन्सुलिनच्या हुकमाखाली रक्तातली बहुतेक साखर स्नायूतच जाते. कोठारच लहान असेल तर धान्य अंगणात राहणार. म्हणून ताकदीच्या व्यायामाची गरज गोऱ्यांपेक्षा आपल्याला जास्त आहे, कमी नाही. दिल्लीत ३० मधुमेहींकडून १२ आठवडे असा व्यायाम करून घेतला तेव्हा एचबीए१सी साधारण अर्ध्या टक्क्याने उतरला (२००८). तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे यावर फार भार टाकू नका. भार टाकायचा तर अमेरिकेतल्या लुइझियानाच्या प्रयोगावर टाका (२०१०, २६२ मधुमेही, ९ महिने). तिथे तिन्ही व्यायामगटांचा वेळ साधारण सारखा ठेवला होता. नुसतं चालणं किंवा नुसती वजनं यांनी एचबीए१सीत ठाम फरक पडला नाही, दोन्ही मिळून केलेल्या गटात तो ०.३४ ने उतरला. आकडा लहान आहे. ७.९ चे ६ होतील असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं.

रक्तदाबाची तुमची भीती निराधार नाही. १९८५ मध्ये कॅनडात शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत सुई घालून दाब मोजला, तर दोन्ही पायांनी जड वजन रेटताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला. पण त्यात अतिशय जड वजन होतं, आणि श्वास कोंडलेला होता. वडिलांसाठी मी जे सांगतो आहे त्यात दोन्ही नाही.

भिंतीला टेकवलेली, हात नसलेली घट्ट खुर्ची घ्या, बैठक जमिनीपासून १७ इंच. हात छातीवर घडी घालून उठायचं, आणि बसताना मनात तीन मोजत बसायचं. न जमल्यास बैठकीवर उशी घालून उंची वाढवा. उठताना आकडा मोठ्याने म्हणायचा, कारण बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. ८ ते १० वेळा, दीड-दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा तेवढंच. थांबताना अजून दोन-तीन जमले असते असं वाटलं पाहिजे. त्याच सत्रात भिंतीवर हात टेकून दंड, ओट्याला धरून टाचा उचलणं आणि रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून दोन्ही हातांनी मागे ओढणं. आठवड्यात दोनदा, मध्ये किमान एक दिवस मोकळा. चालण्याला मात्र सलग दोन दिवस सुट्टी नको. व्यायामाने वाढलेली इन्सुलिनची धार एक-दोन दिवसांत पुन्हा बोथट होते.

बिघडतं ते बहुतेक ठरलेल्या ठिकाणी. माणूस शेवटच्या वितीला धपकन बसतो, म्हणजे ज्या भागात स्नायूने काम करायचं तोच भाग गुरुत्वाकर्षण करतं. गुडघे आत वळतात, मग ते दुखतात आणि दोष व्यायामाला. आणि सर्वांत मोठी चूक, भार वाढवत न नेणं. १५ वेळा सहज जमू लागलं की छातीशी पिशवी धरायची, त्यात एक लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या. दर दोन-तीन आठवड्यांनी अर्धा किलो वाढवा. दुसऱ्या दिवशी मांडीचा स्नायू ठणकला तर चालेल. सांध्यात कळ आली किंवा सूज आली तर खुर्चीची उंची वाढवा, वजन काढा. बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात सरासरी ८७ वर्षांच्या माणसांनी १० आठवड्यांत पायांची ताकद दुपटीहून जास्त केली होती (१९९४), तेव्हा ६७ हे काही उशिराचं वय नव्हे.

सुरू करण्याआधी चार गोष्टी डॉक्टरांकडून पक्क्या करून घ्या. डोळ्याच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर जोर लावायचा कोणताही व्यायाम नको, आत रक्तस्राव होऊ शकतो. पडद्याची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर आधी ती. दुसरं, रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत थांबा. तिसरं, ग्लिमेपिराइडसारखी साखर खाली आणणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि व्यायामाआधी साखर ९० च्या खाली असेल तर काही खाल्ल्याशिवाय सुरू करू नये. खिशात ग्लुकोजची पुडी हवी. हात थरथरले, घाम फुटला तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजणं. पहाटे उपाशीपोटी ५ किलोमीटर आणि ग्लिमेपिराइड हा मेळ मला तरी वजनांपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. चौथं, पायांना बधिरपणा असेल तर रोज रात्री तळवे आरशात बघणं आणि चप्पल सोडून बंद बूट.

मेटफॉर्मिनने स्नायू वाढत नाहीत असं तुम्ही जे वाचलंत त्याला आधार आहे. ६५ वर्षांवरच्या लोकांत ही गोळी घेणाऱ्यांचे स्नायू ताकदीच्या व्यायामाने थोडे कमी वाढले. पण ती माणसं मधुमेही नव्हती. त्यावरून गोळी बंद करायची नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरच्या ग्लुकोमीटरवर बघा. दोन रात्री जेवण अगदी सारखं, तेवढ्याच भाकऱ्या, तेवढाच भात, तीच वेळ, तीच औषधं. एका रात्री जेवून उठल्यावर १० मिनिटं भरभर चालणं, दुसऱ्या रात्री टीव्हीसमोर. दोन्ही वेळा पहिल्या घासापासून दीड तासाने, हात साबणाने धुऊन, मोजायचं. ग्लुकोमीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंतची चूक नियमात बसते, म्हणून एका जोडीवर जाऊ नका, अशा तीन जोड्या करा. सहाही आकडे इथे खाली टाका, फरक पडला नाही तरी.