पट्टा तुटलेल्या खुर्चीला ‘फॅमिली फ्रेंडली’ म्हणायचं?

आज दुपारी बाणेरच्या एका कॅफेत, शेजारच्या टेबलावर, दीड वर्षाची मुलगी हाय चेअरमधून, म्हणजे लहान मुलांच्या उंच खुर्चीतून, सरकली. पडली नाही, सरकली. कमरेखालचं सगळं अंग खाली लोंबायला लागलं आणि हनुवटी ट्रेच्या कडेला अडकली. आजीचं लक्ष होतं म्हणून तिने झटकन काखेत हात घालून वर ओढलं. दारावर ‘फॅमिली फ्रेंडली’ची पाटी, कोपऱ्यात रंगीत खडू, भिंतीवर जिराफ. आणि खुर्चीच्या पट्ट्याचं बकल एका बाजूने तुटलेलं, दुसरी बाजू वाळलेल्या सॉसने सीटला चिकटलेली. वेटर म्हणाला, “मॅडम, ते पहिल्यापासून असंच आहे.” त्या पोराला काय बोलणार, त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मालकाला मात्र बोलणार.

पट्टा मूल उभं राहू नये म्हणून असतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते अर्धंच खरं. मूल पाय ताणतं, पाठ मागे रेटतं, गुळगुळीत सीटवर ढुंगण पुढे घसरतं आणि अंग ट्रेखालून निसटतं. डोकं निसटत नाही, ते अडकतं, आणि गळ्यावर दाब येतो. हे थांबवतो तो दोन मांड्यांच्या मधून वर येणारा पट्टा. नुसता कमरेचा पट्टा पुरत नाही, आणि ट्रे म्हणजे पट्टा नव्हे. खांद्यांवरून येणारा, पाच ठिकाणी अडकणारा असेल तर उत्तमच.

म्हणून मूल बसवायच्या आधी अर्धं मिनिट द्या. बकल लावा, ‘टक्’ आवाज ऐका, मग जोरात ओढून बघा. पट्टा आणि पोट यांत दोन बोटं जातील इतकाच ढिला ठेवा. खुर्ची हलवून डुगडुगते का बघा. आणि ती टेबलाला इतकी चिकटवू नका की मुलाचे पाय टेबलाला टेकतील. पाय टेकले की ते रेटतं, आणि खुर्ची सरळ मागे उलटते. आधाराशिवाय बसता न येणाऱ्या बाळाला तर हाय चेअर नकोच, मांडीच बरी. पट्टा तुटलेला असेल तर दुसरी खुर्ची मागा. भीड कसली त्यात?

त्याच टेबलावर आणखी एक गोष्ट झाली, ती कुणाच्या लक्षातही आली नाही. दोन कपुचिनो त्या मुलीच्या डोक्यावरून गेले! खुर्ची वाटेच्या बाजूला लावली होती, वेटर बिचारा दुसरीकडून जाणार कुठून? साठ अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडीसुद्धा पाच-सहा सेकंदांत खोल भाजते. बाळाची कातडी त्याहून पातळ. त्यामुळे मूल भिंतीच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दारापासून लांब. गरम कप टेबलाच्या मधोमध. टेबलक्लॉथ असेल तर काढायला सांगा, एका ओढीत सगळं अंगावर येतं. तरीही सांडलंच तर कपडे पटकन काढा, पण कातडीला चिकटले असतील तर ओढू नका. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. पूर्ण २०. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. मग थेट डॉक्टर.

खाण्याचं सांगते. मुलाची ऑर्डर आधी द्या, मोठ्यांची नंतर. एरवी मूल भुकेने रडतं, आणि सगळं कॅफे तुमच्याकडे बघतं. ग्रिल्ड सँडविच बाहेरून कोमट लागलं तरी आतलं चीज जीभ पोळेल इतकं गरम असतं. कापून, उघडून पाच मिनिटं ठेवा. द्राक्षं अख्खी कधीच नाहीत, उभी चार फोडी करा. पॉपकॉर्न आणि अख्खे दाणे चार वर्षांपर्यंत नकोत. पॅनकेकवर मध ओतून आणतात, तो एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही, चाटवायलासुद्धा नाही. आणि वेळ अकराची धरा. एक वाजता गर्दीही असते आणि झोपेची वेळही. दीड वर्षाचं मूल चाळीस मिनिटं बसलं तरी खूप झालं, तासभर बसेल ही अपेक्षाच चूक.

डायपरबद्दल लिहायला लागले की राग येतो. जिराफ रंगवायला पैसे आहेत, पण बाळाला आडवं करायला एक फळी नाही. असलीच तर फक्त बायकांच्या टॉयलेटमध्ये, म्हणजे बापाने काय करायचं? बेसिनशेजारच्या ओल्या ग्रॅनाइटवर बाळ ठेवू नका, सहा महिन्यांचं बाळ क्षणात कूस बदलतं. त्यापेक्षा जमिनीवर स्वतःची चटई अंथरलेली बरी.

हो, कॅफेवाल्यांचंही थोडं खरं आहे. भाडी परवडत नाहीत, आणि काही आईबाप पोरांना टेबलांमधून पळू देतात, सांडलेलं तसंच टाकून जातात. हे बंद झालं पाहिजे. पण म्हणून बकल तुटलेलं चालेल?

खरं सांगू? आपल्या साध्या उडप्याकडे मुलांसाठी काही ‘खास’ नसतं. पण इडली पाच मिनिटांत येते, मऊ असते, चटणी वेगळ्या वाटीत येते, आणि स्टीलचा पेला पडला तर फुटत नाही. मूल रडलं तर गल्ल्यावरचे काका हसून बघतात. हाय चेअर मात्र तिथे बहुतेक नसते, हे मान्य.

ती मुलगी नंतर आजीच्या मांडीवर बसून शांतपणे सँडविचचा मऊ भाग खात होती. आजीचा हात शेवटपर्यंत तिच्या पोटावर होता. आणि ती खुर्ची? ती पुसून पुढच्या टेबलाला लावली.

माझ्या मित्रयादीत कॅफे चालवणारे दोघं-तिघं आहात. उद्या शटर उघडल्यावर प्रत्येक हाय चेअरचं बकल लावून, ओढून बघा. पट्टे काढून साबणाच्या पाण्यात भिजवा. तुटलेली खुर्ची दुरुस्त होईपर्यंत आत ठेवा, कुणी मागितली तरी देऊ नका.