"पण हे मेटल आहे का?"

ब्रिंग मी द होरायझन या ब्रिटिश मेटल बँडचा 'पोस्ट ह्यूमन: नेक्स जेन' हा अल्बम मे 2024 मध्ये आला. आदल्या दिवशी घोषणा, दुसऱ्या दिवशी अल्बम हजर. समीक्षकांनी बऱ्यापैकी कौतुक केलं. पण कौतुक असो वा टीका, बहुतेकांची गाडी एकाच प्रश्नावर अडते: यात मेटल किती उरलंय? मला हा प्रश्न मनापासून खटकतो.

2006 मध्ये डेथकोर, म्हणजे मेटलचा अतिशय जड आणि कर्कश प्रकार, वाजवणारा हा बँड 2019 च्या 'आमो'मध्ये गायिका ग्राइम्ससोबत जवळजवळ ट्रान्स, म्हणजे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, वाजवतो, तेव्हा जुने चाहते दुखावणार हे मी समजू शकतो. परीक्षण लिहिणाऱ्याचं काम मात्र वेगळं आहे. त्याने सांगावं की सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) गाण्यात नेमकं काय करतोय.

फिअर फॅक्टरी या मेटल बँडचा 1995 चा 'डीमॅन्युफॅक्चर' ऐका. किक ड्रम आणि गिटारचा रिफ (पुन्हापुन्हा येणारा तुकडा) एकाच ठोक्यावर आदळतात, आणि मागे ऱ्हीस फुल्बरचे कीबोर्ड थंडगार पसरलेले असतात. ते काढून टाका, गायक बर्टन बेलचा स्वच्छ आवाज एकदम पोरका होईल. याउलट कॉर्न या मेटल बँडचा 2011 चा 'द पाथ ऑफ टोटॅलिटी'. इलेक्ट्रॉनिक संगीतातले स्क्रिलेक्स होता, नॉइझिया होते, हेतूही प्रामाणिक होता. तरी कित्येक ठिकाणी रिफ थांबून डबस्टेप या इलेक्ट्रॉनिक प्रकारातल्या ड्रॉपची (बीट जोरात कोसळतो त्या क्षणाची) वाट बघत बसतो. त्या अल्बमवर टीका व्हायला हवी होती ती या जोडकामावर. 'ट्रेंडच्या मागे धावले' एवढं म्हणून काहीच कळत नाही.

'नेक्स जेन'ला हीच कसोटी लावा. बँडचा कीबोर्डवादक जॉर्डन फिश डिसेंबर 2023 मध्ये बाहेर पडला, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक बाजू कोसळेल अशी मला भीती होती. तसं झालं नाही. 'लिमोझीन'मध्ये खालच्या सुरातला संथ, जड गिटार आणि त्यावर गायिका ऑरोराचा आवाज, काय जमलंय ते! तिथे शैलीचा प्रश्न मनात येतच नाही.

दोष आहेतच. 16 ट्रॅक जास्त होतात, मधले जोडतुकडे लय तोडतात. त्याहून मोठी तक्रार मास्टरिंगची, म्हणजे आवाजाच्या शेवटच्या प्रक्रियेची. सगळंच इतकं मोठ्या आवाजात दाबून भरलंय की ब्रेकडाउन (गाण्यातला संथ, जड भाग) येतो तेव्हा आवाजाला वाढायला जागाच उरत नाही. शांत भाग खरंच शांत ठेवले असते तर हाच अल्बम दुप्पट जड वाटला असता. परीक्षणांत मला याबद्दल वाचायचंय.