“एड्स संपला, आता वस्तीतल्या संस्था बंद करा” म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यापासून एक फॉरवर्ड फिरतोय, आधी आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या ग्रुपवर, मग मॉर्निंग वॉकवाल्यांच्या. थोडक्यात असा: एड्स आता संपलाय, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, मग वस्त्यावस्त्यांत फिरणाऱ्या ह्या संस्था कशाला पोसायच्या, कंडोम आणि सुया वाटून त्या व्यभिचार नि व्यसनं वाढवतात, अडाणी बायकांना आरोग्य कार्यकर्त्या करून ठेवलंय, सगळा परदेशी पैसा, त्यापेक्षा ज्यांना झालाय त्यांची नावं जाहीर करा म्हणजे बाकीचे सावध राहतील. खाली हात जोडलेले इमोजी. टाकणारे काका ओळखीचे आहेत, भांडायचं नाहीये, पण मी काही वर्षं ह्याच कामात समुपदेशक होते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

पहिलं, संपलाय. नाही संपला काका. २०२३ मध्ये जगात जवळजवळ ४ कोटी लोक एचआयव्ही, म्हणजे एड्सचा व्हायरस, अंगात घेऊन जगत होते, त्या एका वर्षात १३ लाख नवीन लागण आणि ६ लाखांवर मृत्यू. भारतात साधारण २५ लाख, आणि राज्यांमध्ये सगळ्यात मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा. कमी झालाय हे मात्र खरं, २००४ मध्ये वर्षाला २० लाखांवर माणसं जात होती. पण कमी कसा झाला हे फॉरवर्डवाला विचारतच नाही.

दुसरा मुद्दा जरा सावकाश घेते, कारण वरवर तो बरोबर वाटतो. गोळ्या फुकट आहेत, १ एप्रिल २००४ पासून सरकार देतंय. आणि गोळ्या भारी आहेत ह्यात वादच नाही, हे जगाला दाखवणाऱ्या मोठ्या अभ्यासात आपलं पुणंही होतं, भोसरीची ‘नारी’ ही एड्स संशोधन संस्था. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. २०११ मध्ये निकाल आला की लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी कमी होतो. पण ही गोळी रोज घ्यायची असते, आयुष्यभर, आणि ती घेणारी बाई सासूबरोबर दोन खोल्यांत राहते, तिथे खरी गंमत सुरू होते. माझ्याकडे येणारी एकजण सेंटरमधून बाहेर पडायच्या आधी जिन्यात उभी राहून बाटलीचं लेबल नखाने खरवडून काढायची आणि मग बाटलीत कापूस कोंबायची, का तर पीएमटीत पर्समध्ये गोळ्यांचा खुळखुळाट व्हायला नको. अशा बाईची तारीख चुकली तर डॉक्टरला कळतं कधी? रजिस्टर उघडेल तेव्हा. तिच्या गल्लीतल्या संस्थेच्या ताईला, जी स्वतः पॉझिटिव्ह आहे आणि हे सगळं भोगून बसलीये, तिला त्याच दिवशी कळतं, आणि ती कोथिंबीर मागायच्या निमित्ताने घरी जाऊन येते.

हे फक्त आपल्याकडे नाही. आफ्रिकेतल्या मोझांबिकमध्ये टेटे प्रांतात २००८ पासून सहासहा पेशंट्सचे गट केले, दर महिन्याला गटातला एकजण लांबच्या दवाखान्यात जाणार, स्वतःची तपासणी करून घेणार आणि सगळ्यांच्या गोळ्या घेऊन येणार, म्हणजे प्रत्येकाची खेप वर्षातून दोनदाच. मजुरी बुडत नाही, गाडीभाडं वाचतं, आणि कोणी गळपटला तर बाकीचे पाचजण आहेतच. हैतीत पॉल फार्मर ह्या अमेरिकन डॉक्टरांच्या टीमने कांज नावाच्या खेड्यात १९९८ च्या सुमारास शेजारच्याच माणसांना थोडं शिकवून, मानधन देऊन रोज पेशंटच्या घरी जायला लावलं. त्या काळात मोठमोठे लोक म्हणत होते गरीब देशांना हे जमणार नाही. अमेरिकेच्या मदतसंस्थेचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस २००१ मध्ये चक्क म्हणाले की आफ्रिकेत कित्येकांनी आयुष्यात घड्याळच पाहिलेलं नाही, ते गोळ्या वेळेवर कशा घेणार! पुढे २००६ मध्ये बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून बघितली तर नीट गोळ्या घेणारे उत्तर अमेरिकेत ५५ टक्के, आणि सहारापलीकडच्या आफ्रिकेत ७७ टक्के. घड्याळवाल्यांचं काय झालं ते तुम्हीच बघा.

आता कंडोम आणि सुया. कोलकात्याच्या सोनागाछी ह्या वेश्यावस्तीत १९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना ह्यांनी काम सुरू केलं तेव्हा तिथे कंडोम वापरणारं जवळजवळ कोणी नव्हतं. धंद्यातल्याच बायकांना शिकवलं, पुढे त्यांची संघटना झाली, पतपेढी झाली, आणि गिऱ्हाईकाला ‘कंडोमशिवाय नाही’ म्हणायची ताकद आली, कारण उद्याच्या जेवणाची सोय पतपेढीत होती. नव्वदच्या दशकात मुंबईच्या वेश्यावस्त्यांमध्ये निम्म्याच्या आसपास बायकांना लागण झालेली असताना सोनागाछीत तो आकडा १० टक्क्यांच्या आसपास राहिला. ह्यात व्यभिचार कुठे वाढला? बायका तिथे आधीही होत्या, गिऱ्हाईकही होतं, फक्त मरणं कमी झालं. सुयांचं उलटं उदाहरण सांगते. अमेरिकेत इंडियाना राज्यात स्कॉट काउंटी म्हणून छोटा भाग आहे, तिथे नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया वाटायला बंदी होती, नैतिकतेच्या नावाखालीच. २०१५ मध्ये एकमेकांच्या सुया वापरून जवळपास २०० जणांना एचआयव्ही झाला, आणि मग धावपळ करून सुया वाटाव्याच लागल्या. हेच आधी केलं असतं तर!

अडाणी बायका ह्या शब्दावर मला राग येतो, पण असो. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीत सकाळी अकराला डॉक्टर किंवा मॅडम पोहोचल्या तर सगळं झोपलेलं असतं. कुठल्या माडीवर कोण नवीन आली, कुणाला घरवाली, म्हणजे कोठ्याची मालकीण, बाहेर सोडत नाही, कोण बंगाली बोलते कोण कन्नड, दुपारी केस विंचरत बसतात तेव्हाच मोकळं बोलतात, हे तिथल्याच बाईला माहीत असतं. ह्या ज्ञानाची डिग्री कुठल्या कॉलेजात मिळते सांगा. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद, पुण्यात सहेली संघ, ह्या बायकांनी स्वतः चालवलेल्या संघटना आहेत. हां, काही संस्थांनी फक्त कागदावर कंडोम वाटले आणि बिलं लावली हेही खरंय, मी बघितलंय, त्यांचं ऑडिट करा, बंद करा. पण रेशन दुकानदार चोर निघाला म्हणून रेशन बंद करतो का आपण?

परदेशी पैसा. २००३ मध्ये गेट्स फाउंडेशनचा एचआयव्ही रोखायचा ‘आवाहन’ प्रकल्प महाराष्ट्रासह सहा राज्यांत आला तो परदेशी पैसाच होता, नंतर सरकारने तो आपल्याकडे घेतला. राष्ट्रीय एड्स कार्यक्रमाच्या २०२१ ते २६ च्या टप्प्याचा १५,४७१ कोटींचा खर्च केंद्र सरकारचा, म्हणजे तुमच्याआमच्या टॅक्सचा. आणि परदेश-परदेश करतोच आहोत तर हेही सांगा की २००१ मध्ये एचआयव्हीची जी औषधं परदेशी कंपन्या एका पेशंटमागे वर्षाला १० हजार डॉलरच्या वर विकत होत्या ती आपल्या सिप्लाने ३५० डॉलरला देऊ केली, त्याशिवाय आफ्रिकेत एवढे लोक जगलेच नसते.

शेवटचं, नावं जाहीर करा. हे तर कायद्यातच बसत नाही, २०१७ चा कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू, माणसाच्या संमतीशिवाय त्याचं स्टेटस, म्हणजे एचआयव्ही आहे की नाही ते, सांगता येत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब बघा. ज्याचं नाव यादीत येईल तो बहुतेक गोळ्या घेणारा असेल, कारण टेस्ट त्यानेच केलीये, आणि नियमित गोळ्या घेऊन ज्याच्या रक्तात व्हायरस मोजण्याइतकाही उरत नाही त्याच्याकडून शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. युरोपात शेकडो जोडप्यांवर केलेल्या अभ्यासात, कंडोम न वापरताही, जोडीदाराकडून झालेल्या लागणीचा आकडा शून्य आला. खरा धोका ज्याच्याकडून जास्त आहे त्याने टेस्टच केलेली नाही, त्याचं नाव तुम्ही आणणार कुठून? आणि यादी लागते म्हटल्यावर तो टेस्टला येणार का, सांगा बरं.

टेस्ट सरकारी दवाखान्यात फुकट होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलते, रिपोर्ट तुमच्याच हातात देतात. विचारायची लाज वाटत असेल तर १०९७ वर फोन करा, तो नंबर टोल फ्री आहे, मराठीत बोलतात. फॉरवर्डखाली हा नंबर टाका काका, हात जोडलेल्या इमोजींच्या जागी.