फुलपाखराचे पंख धडपडीने उलगडत नाहीत

माझी भाची दुसरीत शिकते. लिंबाच्या झाडावरच्या अळ्या तिच्या वर्गाने काचेच्या बरणीत पाळल्या होत्या आणि सुट्टीपुरती ती बरणी तिच्याकडे आली होती. रविवारी सकाळी एका कोषातून फुलपाखरू बाहेर आले, पण गुळगुळीत काचेवर पाय न टिकल्याने ते तळाशी पडले आणि पुन:पुन्हा वर चढण्याचा प्रयत्न करून घसरू लागले. मी त्याच्यापुढे एक काडी धरायला गेले, तर भाचीने माझा हातच धरला. "मावशी, मदत नाही करायची. त्याला धडपडू दे, नाहीतर पंख दुबळे होतात." तिची समजूत घालण्यात अर्धा-पाऊण तास गेला. तोवर उजव्या बाजूचे पंख चुरगळलेल्या स्थितीतच वाळून कडक झाले होते. ते फुलपाखरू आता कधीही उडणार नाही.

तिला हे ज्या संदेशातून कळले, तो माझ्याही फोनवर दोनदा येऊन गेलेला आहे. एका माणसाला कोषाला पडलेले छिद्र दिसते आणि आतले फुलपाखरू तासन्‌तास धडपडताना दिसते. दया येऊन तो कात्रीने कोष कापतो. बाहेर येते ते सुजलेल्या अंगाचे आणि आकसलेल्या पंखांचे फुलपाखरू, जे जन्मभर सरपटत राहते. कारण असे सांगितले जाते, की अरुंद छिद्रातून अंग पिळवटून निघताना शरीरातला द्रव पंखांत जातो आणि संघर्ष टळला की पंखही टळतात. शेवटी शिक्षकांना आणि पालकांना आवाहन असते, की लहान मुलांना फुलपाखराचे जीवनचक्र याच गोष्टीतून शिकवावे.

छिद्र आणि कात्री यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. फुलपाखराच्या कोषाला छिद्र पडत नाही. त्याचे कवच ठरावीक रेषांवर उकलते आणि निरोगी फुलपाखरू साधारण मिनिटाभरात बाहेर येते, त्यामुळे तासन्‌तास चालणारा संघर्ष मुळातच घडत नाही. विणलेला रेशमी कोष बहुतेक वेळा पतंगाचा असतो, आणि त्यांपैकीही काही पतंग तोंडातून स्राव सोडून धागे मऊ करतात व वाट काढतात. मराठीत दोन्हींना आपण कोषच म्हणतो, त्यामुळे घोटाळा सहज होतो हे मान्य आहे. परंतु बहुतेक फुलपाखरांची अळी स्वतःभोवती काही विणत नाही. ती रेशमाची छोटी गादी करून फांदीला चिकटते, काही जातींत कमरेभोवती एक धागाही बांधते, आणि शेवटची कात टाकल्यावर तिच्या खालून जे उघडे पडते तोच कोष असतो. मुलांना हे दाखवले तर ती श्वास रोखून पाहतात, त्यासाठी गोष्टीची जोड लागत नाही.

खरा राग येतो तो पिळवटण्याच्या मुद्द्याचा, कारण माझ्या भाचीने त्यावर विश्वास ठेवला. द्रव शरीरातून पंखांत जातो एवढा भाग खरा आहे, पण तो जातो फुलपाखरू बाहेर आल्यानंतर. बाहेर आल्यावर ते आधारावर चढते, पंख खाली लोंबतील असे लटकते, पोट आकसून रक्तद्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलते आणि दहा-वीस मिनिटांत ओल्या चिंधीसारखे दिसणारे पंख पूर्ण पसरतात. पुढचे तास-दोन तास ते वाळण्यात जातात. याच सुमारास ते लालसर-तपकिरी थेंबही टाकते. मुलांना ते रक्त वाटते आणि काही मुले रडतात, म्हणून तो कोषात साठलेला टाकाऊ द्रव आहे हे आधीच सांगून ठेवावे.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा जेम्स ट्रूमन आणि लिन रिडिफर्ड या कीटकांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या संशोधनात मिळतो. रेशीम पतंग कोषातून केव्हा बाहेर पडणार, हे मेंदूतून सुटणारे एक संप्रेरक ठरवते, असे त्यांनी 1970 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवले. ट्रूमन यांच्या प्रयोगांत पूर्ण वाढ झालेल्या पतंगांचे कवच वेळेआधी सोलून काढले, तरी ते कोषात असल्यासारखेच निश्चल पडून राहत, आणि त्यांची वेळ आली की अंगावर कवच नसतानाही बाहेर पडण्याच्या हालचाली करून मग पंख पसरत. म्हणजे अंग पिळवटण्यासाठी काहीही उरलेले नसताना पंख उलगडत होते. हे पतंग आहेत, फुलपाखरे नव्हेत, हे खरे. पण दोन्ही एकाच गणातील कीटक आहेत, आणि संदेशातला कात्रीने कापलेला कोषही पतंगाच्याच कोषाशी जुळतो.

इथेच त्या संदेशातला खरा अंश मान्य करावा लागतो. कोष वेळेआधी उघडू नये, त्याने आतला जीव मरू शकतो किंवा अधू होऊ शकतो. मात्र त्याचे कारण अपुरी वाढ आणि न आलेली वेळ हे आहे, संघर्षाचा अभाव हे नाही. सात वर्षांच्या मुलाला "अजून त्याची वेळ झालेली नाही" हे वाक्य सहज कळते, मग त्याला खोटे कारण का द्यायचे?

अळी कोषात पूर्ण विरघळते आणि तिचे काहीच उरत नाही, असेही एक वाक्य त्या संदेशात आहे. बरेच काही विरघळते, पण सगळे नाही. पंखांचे सूक्ष्म अंकुर तर अळीच्या अंगातच असतात. फुलपाखरू एकच दिवस जगते हेही चूक आहे. अनेक जाती दोन ते चार आठवडे जगतात आणि स्थलांतर करणारी मोनार्क फुलपाखरे कित्येक महिने जगतात.

मदत करू नका, ही शिकवण वर्गातल्या बरणीला तर अजिबात लागू होत नाही. झाडावर फांदी असते, खरखरीत साल असते, खाली मोकळी जागा असते. बरणीत आणून हे सगळे आपणच काढून घेतलेले असते, त्यामुळे ते परत देणे ही मदतही नव्हे, ते आपले कामच आहे. खरखरीत काडी किंवा जाळी हवी, आणि कोषाखाली पूर्ण उघडलेले पंख मोकळे लोंबतील एवढी जागा हवी. फुलपाखरू पडलेच, तर पंख ओले असेपर्यंत त्याच्या पायांपुढे काडी धरावी. ते स्वतःच धरून वर चढते.

बरणीत अजून एक कोष आहे. बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी कवचातून पंखांची नक्षी दिसू लागते. हा अजून हिरवाच आहे. त्याच्या शेजारी भाचीने काल स्वतःच्या हाताने काडी तिरकी उभी केली आहे.