ते तसंच असतं म्हणे!

वीस दिवस झाले, मी भांडी बाथरूममध्ये उकिडवी बसून घासतेय. नवा ओटा बसून आठवडा उलटलाय, पण सिंक चालू नाही. का? तर नवं सिंक जुन्यापेक्षा खोल, शिवाय दगडाच्या खालून बसवलेलं. त्याचं बूड भिंतीतल्या सांडपाण्याच्या तोंडाच्याही खाली गेलंय. पाणी काय वर चढणार? हे सिंक विकणाऱ्याला ठाऊक होतं, दगड कापणाऱ्याला ठाऊक होतं, प्लंबरने तर नुसतं वाकून बघितलं आणि हसला. ठाऊक नव्हतं ते फक्त मला. आणि विचारलं की तिघांचं उत्तर एकच: "ते तसंच असतं, मॅडम."

मग आधी काय तोंडात मिठाची गुळणी धरली होती?

माप घ्यायला माणूस आला तेव्हा जुना ओटा जागेवरच होता. मी विचारलंही, की हा काढल्यावर माप घ्यायला नको का? "अंदाज असतो आम्हाला." असतो ना! जुना दगड निघाला आणि कळलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही. नवी स्लॅब एका टोकाला भिंतीला चिकटली आणि दुसऱ्या टोकाला बोटभर फट. त्या फटीत पांढरं सिलिकॉन दाबून भरलं. एवढंच नाही, सांधा आणला तो नेमका सिंकच्या भोकावर, जिथे पुढे-मागे दगडाच्या चार बोटांच्या पट्ट्याच उरतात आणि पाणी सतत साचतं.

बरं, कड. "चाळीस एमएम जाड दिसेल," असं सांगितलं होतं. मीच मूर्ख, 'दिसेल' हा शब्द ऐकलाच नाही. दगड वीसचाच, पुढच्या कडेला खालून त्याच दगडाची पट्टी चिकटवून चाळीसचा केलेला. दिसायला झकास. पण ती पट्टी वरच्या ड्रॉवरच्या पुढे येते. ड्रॉवर उघडत नाही! चमचे आत, मी बाहेर.

आणि डाग. फिकट रंगाचं ग्रॅनाइट घेतलं, कारण "ग्रॅनाइटला काही होत नाही". तिसऱ्या दिवशी तेलाच्या बाटलीखाली गोल काळपट वर्तुळ उमटलं. घासलं, जाईना. फोन केला तर म्हणे, "सीलर नाही लावला तुम्ही?" सीलर म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारा लेप. तो मी लावायचा होता? मला कुणी सांगितलं की दगड तेल पितो म्हणून? पाण्याचे चार थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, खाली दगड गडद झाला तर सीलर हवाच, इतकी साधी परीक्षा आहे. दुकानात तळहाताएवढा तुकडा हातात ठेवला तेव्हा ही परीक्षा करून दाखवायला काय धाड भरली होती?

वर सल्ला: "मग क्वार्ट्झ घ्यायचं ना." हो, म्हणजे त्याच्यावर शेगडीवरून उतरवलेलं भांडं टेकवलं की तो पिवळा पडणार. कारण त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास दगडाचा चुरा असला तरी बाकी रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा चिकटा, आणि त्याला तापलेलं बूड सोसत नाही. संगमरवर घ्यावा तर लिंबाचा थेंब पडला की पॉलिश गेलंच. म्हणजे प्रत्येक दगडाची एक खोड आहे. असू दे की! पण ती पैसे घेण्याआधी सांगा.

सगळ्यात संताप आला तो शेगडीचं भोक कापताना. बाल्कनीत, कोरडंच. पात्यावर पाण्याची धार नाही, काही नाही. घरभर पांढरी धूळ, कपाटातल्या कपड्यांवरसुद्धा. आणि कापणारा पोरगा विशीतला, तोंडाला नुसता रुमाल. ही धूळ सिलिकाची, फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस, आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये तर सिलिका आणखी जास्त. ऑस्ट्रेलियाने त्या स्लॅब कापण्या-बसवण्यावर 1 जुलै 2024 पासून बंदीच घातली. मी त्या पोराला म्हटलं, अरे निदान पाणी तरी मार. तर तोही म्हणाला, "चालतं हो काकू, तसंच असतं." त्याच्यावर ओरडवेना. त्याच्या मालकावर ओरडले, तर मालकाने फोन ठेवला.

आता जुन्या ओट्याचे तुकडे जिन्याखाली पडलेत. उचलून नेणं "आपल्या कामात नाही" म्हणे. परवा रागारागात खाली गेले आणि त्या काळ्या दगडावर पाण्याचे चार थेंब टाकले. वर येऊन बादलीभर भांडी घासली, पुन्हा खाली जाऊन थेंब पुसले.

डाग नव्हता.